टेपचं दुसरं टोक

मोजणीला माणूस कमी पडला
तेव्हा फाटकावरच्या गोविंदसिंग कुशवाहांनी
काठी स्टुलाला टेकवून
टेपचं दुसरं टोक धरलं.

लष्करातली जुनी कचेरी. पिवळसर दगड.
दारावर बोर्ड : बिना अनुमति प्रवेश वर्जित है.
त्यातला ‘है’ उडून गेलाय,
वर्जित मात्र आहेच.

उतरवून घेतलं ते असं :
कुंपणाची भिंत सव्वासात फूट, वर बाटल्यांच्या काचा.
(त्यातली एक हिरवी. सकाळी तिच्यातून ऊन आलं
की फुटपाथवर लिंबाएवढा डाग पडतो.)
दगडी जाळ्या अकरा.
नवांवर प्लायवूड, कारण आत एसी.
मागचं दार बारा फुटी.
किल्ली?
मोठ्या बाबूंनी धाकट्या बाबूंकडे पाहिलं,
धाकट्यांनी तसबिरीतल्या साहेबांकडे.
अंगणात बावडी, बावडीवर पत्रा,
पत्र्यावर मोडक्या खुर्च्या,
आणि खुर्च्यांवर कबुतरं, विनापरवाना.

बाहेर माणसं.
मे महिना, सत्तेचाळीस अंश.
मुरारहून, डबऱ्याहून, कुणी भितरवारहून पहाटेच्या बसनं.
दहाला ती भिंतीच्या सावलीत ऐसपैस,
साडेअकराला सावली वहीच्या समासाएवढी,
तर टाचा दगडाला लावून, पोट आत घेऊन उभी.
बारानंतर सावली भिंत ओलांडून
आतल्या बाजूला पडते.
तिला कुणी पास विचारत नाही.

रात्री घरी मी नकाशा काढला.
सांगितलं होतं डागडुजीचा. मी काढला दुसराच.

पाडलं काही नाही.
खिडकीचं दार करायला फारसं लागत नाही.
वर कमान असते, भार तिनं पेललेला असतो,
खालचा तीन फूट दगड नुसताच बसून असतो,
इतकी वर्षं, कायमस्वरूपी पदावर.
तो काढायचा.
अशा नऊ खिडक्या.
निघालेल्या दगडांचे रस्त्याच्या कडेला ओटे.
भिंत ठेवली, पण गुडघ्याएवढी,
टेकता येईल इतपत.
प्लायवूड काढलं. बावडीचा पत्रा उचलला.
फायली माडीवर,
खालच्या दालनात टंकलेखकाचं टेबल, माठ,
सायकलींना जागा,
आणि पेन घसरलं म्हणून एक शेळी.

सकाळी कुशवाहांना दाखवला.
साहेबांनी उलटा धरला होता, त्यांनी सुलटा धरला.
बोट रस्त्यावरून निघालं, ओट्यांवर चढलं,
बावडीपाशी जरा थांबलं,
मग परत आलं आणि शोधत राहिलं.
“फाटक?”
नाही, म्हटलं. आता लागणार नाही.
“अच्छा.”
बऱ्याच वेळानं :
“और हमारा स्टूल?”

शेळीला जागा होती.
तेवीस वर्षं दारात बसलेल्या माणसाला नव्हती.

तुम्ही आत कधी गेलात? मी विचारलं,
काहीतरी विचारायला हवं म्हणून.
“एक बार. आग लगी थी तब.”

मी चिंचेखाली एक टिंब काढलं.
एकास शंभरच्या मापात स्टूल मोहरीएवढं होतं.
चष्मा कपाळावर सारून त्यांनी ते टिंब पाहिलं,
म्हणाले, थोडं इकडे.
खोडलं. थोडं इकडे काढलं.

नकाशा वर गेला.
सुरक्षेच्या दृष्टीनं उचित नाही, असा शेरा होऊन
नस्तीबद्ध झाला.
म्हणजे आता तो त्याच इमारतीत आहे,
कुठल्याशा कपाटात, नऊ दारांसकट,
आणि मला तो बघायचा
तर पास लागेल.

जूनमध्ये एकदा बाराच्या सुमारास तिथून गेले.
स्टूल फाटकाच्या आत होतं,
भिंतीला लागून.
का, म्हणून विचारलं.
“छाँव,” ते म्हणाले. बाकी काही नाही.
त्यांच्या मागे सावलीत
भितरवारची एक बाई, दोन म्हातारे,
कागदांची पिशवी पोटाशी धरलेला पोरगा,
असे सगळे भिंतीच्या आतल्या अंगानं.

पिशवीत टेप होती. काढली नाही.
फाटकापासून पावलांनीच मोजलं.
चार.